हाकलतात सगळ्यांनाच, पण सारखं नाही
‘फेरीवाल्यांना हाकलताना जात-जमात कोणी विचारत नाही’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. विचारायची गरजच पडत नाही, बोली आणि पेहराव आधीच ओळख सांगतात. टोपली जप्त झाली की पावती मागावी लागते, भांडावं लागतं, तेही शहराच्या भाषेत. रस्त्यावर विकायला बसलेली आदिवासी पोरगी तिथेच गप्प होते. टोपलीची कड घट्ट धरून नुसती उभी राहते. गिऱ्हाईकही तिच्याशी एकेरीतच बोलतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम १७ आदिवासींना कामात भेदभाव न सोसण्याचा हक्क देतं, तर कलम २२ तरुणांच्या गरजांकडे खास लक्ष द्यायला सांगतं. मग जप्तीच्या वेळी तिची बोली जाणणारं एक तरी माणूस तिथे हवंच, एवढं तरी आपण मागूया.