मदत हवी आहे : जुनी इरकली नऊवारी कापून उन्हाळी स्कर्ट-टॉप

काठपदर :
सुती इरकली नऊवारी आहे. अंग गडद निळं, काठ मरून, पदर लाल-पांढरा. बरीच वर्षं पेटीत घडी करून ठेवलेली. लांबी ८ मीटरला थोडी कमी, पन्हा (रुंदी) काठांसकट ४६ इंच. यातून इलॅस्टिकचा घेरदार स्कर्ट (उंची ३३) आणि बिनबाह्यांचा सैल, आखूड टॉप शिवायचा आहे. मापं : छाती ३८, कंबर ३२, सीट ४१. मशीन घरगुती, कापलेल्या कडा गुंफणारं इंटरलॉक नाही.
१. कापड शिवण्याजोगं उरलंय का, हे कसं ओळखायचं?
२. काठ स्कर्टच्या खाली घेतला तर कापड आडवं लागतं. चालेल?
३. टॉपला अस्तर हवंच का?
४. पदराचं काय करता येईल?

उरेबपट्टी :
कात्री लावायच्या आधी सगळी साडी दिवसाउजेडी खिडकीसमोर धरून बघा. नऊवारी सगळीकडे सारखी विरत नाही. कासोट्याची बाजू, ओचा खोचायची जागा आणि टाचेला घासणारा काठ आधी जातो. पेटीतली साडी शिवाय घडीच्या रेषेवर चिरते. संशय येईल तिथे दोन्ही अंगठे इंचभर अंतरावर ठेवून कापड आधी उभं, मग आडवं ताणा. धागे सरकून जाळी दिसली तर तो तुकडा टॉपला नको, स्कर्टच्या चुण्यांत खपेल. फाटल्याचा आवाज आला तर कुठेच नको. खडूने फुल्या मारा आणि मगच मापं मांडा.

गंजाचे डाग असतील तर ब्लीच अजिबात नको, क्लोरीनने ते आणखी पक्के होतात.

आडवं चालेल, उलट इथे तेच बरं. साडीचा ताणा (मागावर ताणून बसवलेले उभे धागे) लांबीच्या दिशेने असतो. स्कर्टमध्ये तो घेराभोवती फिरतो आणि बसताना सीटवर येणारा ताण तोच घेतो. घेराला सीटची दुप्पट धरा : ८२, मायेसह (शिलाईसाठी कडेला सोडलेलं कापड) ८४ इंच. उंची ३३ अधिक सव्वा इंची इलॅस्टिकच्या नळीला पावणेदोन, म्हणजे पावणेपस्तीस. खाली काठाची किनार आयती आहे, ती दुमडू नका. इलॅस्टिक जोडाच्या इंचासकट ३० कापा. वर सव्वाअकरा इंचांची दुसरी काठवाली पट्टी उरते, खिसे त्यातून काढा.

सुईदोरा :
अस्तर हवंच. विरलेल्या कापडात ताण अस्तराने घ्यायचा, साडीने फक्त दिसायचं. मलमल किंवा कॅम्ब्रिक घ्या. क्रेप नको, घाम टिपत नाही. आणि कोरं अस्तर तसंच लावू नका. साडी इतक्या धुण्यांत आटून बसलेली असते, अस्तर पहिल्याच धुण्यात आटतं आणि टॉपला सुरकुत्या पडतात. त्या नंतर इस्त्रीने जात नाहीत. कोमट पाण्यात दोन तास भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा.

पुढचा-मागचा भाग प्रत्येकी साडेतेवीस इंच रुंद (छाती ३८ + सैलपणा ६, त्याचा निम्मा, दोन्ही बाजूंना पाऊण इंच माया). उंची २३. साडी आणि अस्तर एकत्र टाचून एकच कापड समजून शिवा. इंटरलॉक नाही, तर फ्रेंच शिलाई : उलट्या बाजू समोरासमोर ठेवून तीन सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) टीप, माया एक सुतापर्यंत छाटा, उलटवा, परत तीन सुतांवर टीप.

सुई ११ नंबरची, नवी. टाके इंचाला ९-१०. बारीक टाक्यांनी शिलाई मजबूत होते हा समज इथे उलटा पडतो. भोकांची रांग जवळजवळ आली की कापड नेमकं त्याच रेषेवर फाटतं.

कळीदार :
अस्तराबद्दल थोडी असहमत. टॉप इतका सैल असेल तर पूर्ण अस्तराने नुसतं उकडेल. मुंढ्याखाली (बाहीच्या जागेच्या कापाखाली) तीन इंचांपर्यंत पुरे, ताण तिथेच येतो. गळ्याला आणि मुंढ्याला सव्वा इंची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी मात्र नव्या मलमलीची लावा, साडीची नको. उरेब कापलेलं जुनं कापड दुमडताना तुटतं.

काठपदर :
खूप धन्यवाद. एका कोपऱ्यावर टीप मारून पाहिली तर सुरुवातीलाच कापड सुईच्या भोकात ओढलं गेलं.

सुईदोरा :
वरचा आणि बॉबिनचा, दोन्ही दोरे मागे धरून पहिले तीन-चार टाके चाक हाताने फिरवून घाला. तरीही ओढलं गेलं तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवा, नंतर फाडून काढा. कापण्याआधी तांदळाची पातळ खळ दिली तर कापड सरकतही नाही. शिवून झाल्यावर ती धुऊन टाका, नाहीतर कसर लागेल.

उरेबपट्टी :
पदर राहिला. इरकलीत पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. सांध्यावर कात्री लावली की फासे सुटतात, म्हणून दोन्हीकडे इंचभर सोडून कापा. पदर बहुतेक वेळा रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. कृत्रिम रेशीम ओलं झालं की कमजोर होतं, पिळू नका.

लाल रंगाची परीक्षा आधी : ओलं पांढरं फडकं पदरावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. फडकं गुलाबी झालं तर पदर टॉपला जोडू नका. मीठ-व्हिनेगरच्या पाण्याने असा रंग भरवशाने पक्का होत नाही. अशा पदराची झोळीवजा पिशवी शिवा, ती वेगळी धुता येते.

कळीदार :
काठावर इस्त्री फिरवण्याआधी त्याचा एक धागा काढून जाळून बघा. कडक गोळी झाली तर पॉलिस्टर आहे, सुतीच्या तापमानावर वितळेल. नुसती राख झाली तर हरकत नाही.