‘अपेक्स बीट’ मराठीत कसं लिहावं: शिखर, अग्र की शेंडा?

गोदाकाठ:
नर्सिंगच्या पहिल्या वर्षासाठी छाती तपासण्याचं मराठी टिपण करतोय. ‘अपेक्स बीट’ला, म्हणजे हृदयाच्या टोकाचा जो ठोका छातीवर हाताला लागतो त्याला, ‘हृदयशिखराचा ठोका’ लिहिलं, तर वाचणाऱ्याचा हात दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीवर जातो. शिखर म्हटलं की वरच बघणार ना, ब्रह्मगिरीचं शिखर पायथ्याशी नसतं! हृदयाचं मात्र उलटं आहे: रुंद बूड वर, निमुळतं टोक खाली डावीकडे. त्याच टिपणात पुढे फुप्फुसाचंही ‘शिखर’ येतं आणि ते खरोखरच वर असतं, गळ्याच्या हाडाच्याही दोन-अडीच सेंटिमीटर वर. एकाच शब्दाने दोन उलट दिशा दाखवल्या जातात. काय लिहावं?

म्हसरूळकर:
‘हृदयाग्र’. अग्र म्हणजे टोक, मग ते वर असो की खाली. नासाग्र कुठे वर असतं? शब्द एकदाच शिकावा लागतो. बोलीतले शब्द घेत बसलात तर प्रत्येक तालुक्याचं शरीर वेगळं होईल.

द्राक्षवेल:
‘शेंडा’ का नको? झाडाचा शेंडा वर असतो, पण द्राक्षाच्या घडाचा खाली. देठ वर, शेंडा खाली, आणि विरळणीत शेंडा मारतात तो खालचाच. हृदयसुद्धा मोठ्या रक्तवाहिन्यांच्या देठाला असंच लटकलेलं असतं. निफाड-दिंडोरीकडच्या मुलीला हे दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही.

आकोठन:
शब्द कोणताही घ्या, व्याख्या सोबत द्या. अपेक्स बीट म्हणजे बोटाला ठोका नीट लागतो अशी सर्वांत खालची आणि सर्वांत बाहेरची जागा. निरोगी प्रौढात ती डावीकडे पाचव्या फटीत (फट म्हणजे दोन बरगड्यांमधली जागा), मिडक्लॅविक्युलर रेषेच्या, म्हणजे गळ्याच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या उभ्या रेषेच्या, किंचित आत सापडते. आधी अख्खा तळवा ठेवायचा, मग बोटांची पेरं, शेवटी एकच बोट. ते बोट तिथेच ठेवून दुसऱ्या हाताने बरगड्या मोजायच्या. ठोका लागत नसेल तर डाव्या कुशीवर वळवतात, पण कुशीवर तो बाहेर सरकतो, म्हणून ती जागा नोंदवायची नाही.

खरा गोंधळ मोजणीत होतो. गळ्याच्या हाडाखालून मोजायला घेतलं की फसलात. पहिली बरगडी त्या हाडाआड दडलेली असते. हाताला लागते ती दुसरी, आणि तिलाच पहिली धरलं की पुढचा सगळा हिशेब एकाने चुकतो. गळ्याच्या खळीत बोट ठेवा, छातीच्या मधल्या हाडावरून साधारण ५ सेंटिमीटर खाली या, आडवा उंचवटा लागेल. त्याच्या बाजूला जोडलेली ती दुसरी बरगडी. तिच्या खालची फटही दुसरी, कारण फटीला वरच्या बरगडीचा नंबर असतो. पुढे हाडालगत सरळ उतरू नका, तिथे कूर्चांची, म्हणजे बरगड्यांच्या टोकांच्या मऊ हाडांची, दाटी आहे. बोट तिरकं बाहेर नेत उतरा. स्तनाग्रावर विसंबू नका. पुरुषात ते बहुधा चौथ्या फटीवर येतं, स्त्रियांत भरवसा नाही.

म्हसरूळकर:
फट दाराला असते. ‘आंतरपर्शुकीय अवकाश’ असा नेटका शब्द असताना हे कशाला?

शब्दवेडी:
तो नेटका शब्द वॉर्डात कोणाच्या तोंडी ऐकलात? तिथे ‘फिफ्थ स्पेस’ चालतं. आणि बरगडी की फासळी, यावरही एकमत नाही.

गोदाकाठ:
‘फट’ नको असेल तर ‘खाच’ लिहू का?

आकोठन:
नका! तो शब्द राखून ठेवा. बरगडीच्या खालच्या कडेला आतून खरीखुरी खाच असते आणि तिच्यात वरून खाली शीर, धमनी, मज्जातंतू अशा क्रमाने असतात. म्हणूनच छातीतलं पाणी काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून घालतात. ‘खाचेत सुई घाला’ असं छापलं गेलं तर नेमकं जिथे घालायची नाही तिथे जाईल.

म्हसरूळकर:
हेच म्हणतोय मी. बोलीतले शब्द सैल असतात, म्हणून परिभाषा लागते.

शब्दवेडी:
परिभाषा तरी कुठे एक आहे? गळ्याच्या हाडाचंच बघा, पुस्तकी मराठीतलं ‘जत्रुक’ आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला ‘अक्षक’ म्हणून शिकवतात. हाडं चरकाची ३६०, सुश्रुताची ३००. बोलीत मात्र ‘हासळी’ आहे, दागिनाही तोच आणि हाडही तेच. ‘मध्यहासळी रेषा’ म्हणा की, बोट आपोआप जागेवर जाईल.

म्हसरूळकर:
हासळीचं मूळ संस्कृत ‘अंस’, म्हणजे खांदा. हाडाचं नाव आधीचं, दागिन्याला ते नंतर मिळालं. म्हणजे तुमचा बोली शब्दही संस्कृतातूनच आला!

शब्दवेडी:
आला असेल, पण ओळख आहे ती हासळीची, अंसाची नाही.

आकोठन:
रेषेला काहीही म्हणा, ती नजरेने आखू नका. हाडाची दोन्ही टोकं चाचपा, छातीकडचं आणि खांद्याकडचं, मग टेपने मध्य काढा. खांद्याकडचं टोक चुकलं की रेषा आत सरकते आणि जागेवरचा ठोका बाहेर गेलेला वाटतो. मग धडधाकट हृदयाला ‘मोठं झालंय’ म्हणून शेरा बसतो.

द्राक्षवेल:
टिपणात ‘ठोका’ही दोन अर्थांनी येणार ना? हृदयाचा ठोका, आणि बोटाने ठोकून बघतात तो.

म्हसरूळकर:
दुसऱ्याला ‘ताडन’.

आकोठन:
आयुर्वेदात त्याला आकोठन म्हणतात. पण आवाजाचे शब्द त्याहून महत्त्वाचे. हवा भरलेलं फुप्फुस घुमतं, पाणी साचलेली बाजू बद्द वाजते. उजवीकडे मिडक्लॅविक्युलर रेषेत पाचव्या फटीपासून यकृताचा बद्दपणा लागतो.

म्हसरूळकर:
‘बद्द’ मडक्याला. छापायला ‘मंद’ बरं.

शब्दवेडी:
मंद म्हणजे हळू. जोरात ठोकलं तरी बद्द आवाज बद्दच राहतो, मंद कसा?

आकोठन:
फुटकं मडकं बद्द वाजतं हे घराघरात माहीत आहे, तोच शब्द राहू द्या. फक्त ठोकायची रीत त्याच्याच शेजारी छापा. डाव्या हाताचं मधलं बोट फटीत घट्ट टेकवायचं, बाकीची बोटं उचललेली, उजव्या मधल्या बोटाने मनगटातून ठोकायचं आणि लगेच उचलायचं. बोट तिथेच रेंगाळलं तर चांगलं फुप्फुसही बद्द वाजतं.

द्राक्षवेल:
आणि जठराच्या हवेवर जो ढोलासारखा आवाज येतो, त्याला?