सल्ला हवा: मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर लॉकवर, मशीन मात्र लिनक्सवर

जुनी_पत्रिका:
नमस्कार मंडळी. लग्नपत्रिका, बिलबुकं, ग्रामपंचायतीचे फॉर्म असलं डीटीपी करतो. मशीन जुनं, चौथ्या पिढीचं आय-थ्री. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती यात नाही. भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलं. मशीन पळतंय, प्रिंटरही लगेच लागला. अडलंय ते मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरवर. रीतसर विकत घेतलेलं, यूएसबी लॉकवालं, म्हणजे पेनड्राइव्हसारखं लॉक मशीनला लावल्याशिवाय न चालणारं. कंपनीला फोन केला तर 'फक्त विंडोज', विषय संपला. वाइनमध्ये (विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम) उघडतं आणि 'लॉक सापडलं नाही' म्हणून बंद पडतं. गिऱ्हाइकांच्या सगळ्या जुन्या फाइली त्यातच आहेत. काय करावं?

टर्मिनलराव:
वाइनचा नाद सोडा. लॉकचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलात, म्हणजे गाभ्यात बसतो, वाइनकडे ते कर्नलच नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं नकली मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज टाका आणि यूएसबी फिल्टर लावून लॉक आत द्या. त्याआधी आपलं युजरनेम 'व्हीबॉक्सयूजर्स' ग्रुपात घालून लॉगआउट करा, नाहीतर यूएसबीची यादी रिकामी दिसते आणि माणूस उगाच लॉकला शिव्या घालतो. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजातच आहे. त्याचा जोड-पॅकेज असलेला एक्स्टेन्शन पॅक टाकू नका, तो फक्त घरगुती वापराला फुकट आहे. धंद्यासाठी ओरॅकलचं, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सच्या कंपनीचं, वेगळं लायसन्स लागतं.

कलम_कटकट:
आतल्या विंडोजलाही लायसन्स लागतं, हे कुणी सांगत नाही. मशीनबरोबर आलेलं ओईएम त्या मशीनला बांधलेलं असतं, व्हीएमला मशीनच्या बायोसमध्ये साठवलेली लायसन्सची की आपोआप दिसतही नाही. रिटेल, म्हणजे दुकानातून सुटं घेतलेलं, असेल तर बरं. फाँटवाल्याचा करारही एकदा वाचा, काहींमध्ये व्हर्च्युअल मशीनला साफ मनाई असते. आणि फाँटच्या टीटीएफ फाइली उचलून लिनक्सच्या फाँट फोल्डरात टाकल्या तर चालतील, पण चालणं वेगळं, परवानगी वेगळी.

शॉर्टकट_भाऊ:
एवढा खटाटोप कशाला? लॉक तोडलेली कॉपी मिळते की बाजारात.

कलम_कटकट:
पैसे मोजून घेतलेल्या माणसाला चोरीची कॉपी सुचवताय? धन्य आहात.

जुनी_पत्रिका:
कपाटात विंडोज ७ चा रिटेल डबा निघाला! ज्या मशीनवर होता ते केव्हाच भंगारात गेलंय.

टर्मिनलराव:
मग झालं की दादा. फक्त त्या व्हीएमचं नेटवर्क बंद ठेवा, सातला आता कुणी वाली नाही. फाइली शेअर्ड फोल्डरमधून आत-बाहेर करा.

स्क्रायबसताई:
व्हीएम जरूर करा, पण ती फक्त जुन्या फाइली सोडवायला. लॉक ही झिजणारी वस्तू आहे. उद्या ते मेलं तर तुमचीच पत्रिका तुम्हाला उघडता येणार नाही. तेव्हा लॉक चालतंय तोवर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या प्रमाणित रूपात, काढून घ्या. कन्व्हर्टर वापरला तरी प्रूफ वाचावंच लागतं: जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे 'हार्दिक', 'वार्षिक' असे शब्द हमखास मोडतात. आधी तेवढेच शोधा.

नवं काम स्क्रायबस १.६ या फुकट डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये करा. देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात, छपाईच्या चार रंगांची (सीएमवायके) पीडीएफ निघते. मजकुराची भाषा मराठी निवडायला विसरू नका, नाहीतर बऱ्याच फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. फाँट म्हणाल तर मुक्ता, बलू, शोभिका. तिन्ही ओपन फाँट लायसन्सवर, छापा, पीडीएफमध्ये बसवा, कुणी विचारणार नाही. शोभिका मजकुराला सुरेख, पत्रिकेच्या नावांना मात्र मला ती फार सरळमार्गी वाटते.

जुनी_पत्रिका:
ताई, ग्रामपंचायतीच्या वर्ड फाइली मंगल फाँटात येतात. इथे उघडल्या की ओळी सरकतात.

स्क्रायबसताई:
मंगल विंडोजबरोबर येतो, तो उचलून इथे टाकायची परवानगी नाही. लिबरऑफिस दुसरा देवनागरी फाँट लावतं, त्याची रुंदी वेगळी, म्हणून ओळी सरकतात. छापायचाच फॉर्म असेल तर त्यांच्याकडून पीडीएफ मागवा.

जुनी_पत्रिका:
आणि फ्लेक्सवाला कोरलड्रॉची सीडीआर फाइलच मागतो, त्याचं काय?

स्क्रायबसताई:
स्क्रायबसमधून पीडीएफ एक्स्पोर्ट करताना फाँटच्या टॅबमध्ये सगळे फाँट आउटलाइन करा आणि तीच फाइल पाठवा. कोरल ती इम्पोर्ट करतं. अक्षरांचे कर्व्ह झालेले असतात, त्यामुळे त्याच्याकडे फाँट नसला तरी काही बिघडत नाही. स्पेलिंग मात्र आधी तपासून घ्या, नंतर तो हात लावू शकणार नाही.