ली-एनफिल्डवरचा गंज: व्हिनेगर वापरू का?

प्रश्न: शॉर्ट ली-एनफिल्ड मार्क ३ (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) आहे, रिकामी असल्याची खात्री केली आहे. नळीवर लाल गंज, लाकूड तेलाने काळं पडलंय. धातूचे भाग व्हिनेगरमध्ये बुडवू का? आणि दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) आधी काढू की नळीखालचं पुढचं लाकूड?

उत्तर १: व्हिनेगर नकोच. गंजाबरोबर उरलंसुरलं ब्लूइंगही (पोलादावरचा गडद संरक्षक थर) जाईल. नळी लाकडापासून सुटी करून डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळा. लाल गंजाचा काळा मॅग्नेटाइट (लोहाचा काळा ऑक्साइड) होतो. मग तेल नसलेल्या ०००० (अगदी बारीक) स्टील वूलने हलक्या हाताने पुसा. काळी मखमली पूड निघेल, खाली गडद थर राहील. दोन-तीनदा करावं लागतं. शेवटी गरम असतानाच तेल लावा.

उत्तर २: पुढचं लाकूड आधी! दस्त्याच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. तो तसाच फिरवला की लाकूड चिरतं. अशा चिरलेल्या रायफली पुष्कळ दिसतात, कारण बहुतेक वेळा हेच. स्क्रू अडला तर भेदक तेल घालून २४ तास थांबा. टोक खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या.

उत्तर ३: लाकडाला सॅंडपेपर लावू नका, शिक्के जातात. मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायचं द्रावण) पुसा, मग कच्चं जवसाचं तेल अगदी पातळ लावा, दोन थरांमध्ये दिवसभर सोडून. जवसाच्या तेलाचे बोळे मोकळे पसरून वाळवा, ढिगात आपोआप पेटतात.

उत्तर ४: झळाळी आली म्हणून गोळी झाडू नका. हेडस्पेस गेजने (बोल्ट बंद असताना काडतुसासाठी उरणारी जागा मोजायचं माप) तपासणी होईपर्यंत ती भिंतीवरचीच वस्तू.