'ओस्मोझ': परासरण की तर्षण?

कानसेन: आन्नेक्सुस क्वाम या कांप-लिंटफोर्टच्या जर्मन बँडचा पहिला अल्बम 'ओस्मोझ' (१९७०, 'ओर' हे रेकॉर्ड लेबल). जॅझ-रॉकच्या गप्पांत याचं नाव क्वचितच निघतं. त्यावरच्या टिपणात शीर्षकाचा (इंग्रजीत 'ऑस्मोसिस') अर्थ 'परासरण' दिला होता. संपादकांनी तो खोडून 'तर्षण' केला. बरोबर कोणता?

मोजपट्टी: तर्षण. तृष् म्हणजे तहान. मनुका पाण्यात टाका, फुगते. तीच फुगलेली मनुका साखरेच्या घट्ट पाकात टाका, आक्रसते. दोन्ही वेळा साखर जिकडे दाट तिकडे पाणी धावतं, साल साखरेला अडवते. 'परासरण' नुसतं 'पलीकडे सरकणं' सांगतो, कुठल्या बाजूला ते सांगत नाही.

उंबरठा: मूळ ग्रीक शब्दात 'ढकलणं' आहे, तहान नाही. ती आपण घातली. आणि छपाईत 'ष'चा 'प' झाला की तर्षणाचं तर्पण होतं. शाळेत शिकलेला प्रत्येक जण परासरण ओळखतो.

मोजपट्टी: त्यातलं 'सरण' खटकतं.

उंबरठा: मग प्रसरण आणि अपसरणही टाकून द्या.

कानसेन: अल्बममध्ये चार भाग आहेत, 'ओस्मोझ' १ ते ४. चौथ्याने तबकडीची अख्खी दुसरी बाजू व्यापली आहे. ट्रॉम्बोन, बासरी, ऑर्गन एकमेकांत दोन्हीकडून झिरपतात. मग 'विसरण' जवळचं नाही का?

मोजपट्टी: विसरणाला पडदा लागत नाही. शाईचा थेंब पाण्यात पसरतो ते विसरण. इथे ट्रॉम्बोन शेवटपर्यंत ट्रॉम्बोनच राहतो.

शब्दवेल्हाळ: शीर्षक भाषांतरूच नका. दुसऱ्या अल्बमचं काय कराल? 'बेत्सीउंग्सवायझं' (१९७२). 'बेत्सीउंग' म्हणजे नातं, पण अख्खा शब्द 'अनुक्रमे' किंवा 'किंबहुना' अशा अर्थाने वापरतात. 'अनुक्रमे' लिहिलं की नातं गळून पडतं.

उंबरठा: 'किंबहुना' सुरेख आहे, तो घ्याच. आणि ओर म्हणजे कान. लेबलचं घोषवाक्यच 'कान उघडा' होतं. टिपणात त्याचं नाम करू नका, कानउघडणी म्हणजे खरडपट्टी.

मोजपट्टी: कानउघाडणी. 'उघडणी' अशुद्ध.

उंबरठा: अशुद्ध कसं? दार उघडतं आणि मी दार उघडतो, 'उघडणे' दोन्हीकडे चालतं. उघाडतो पाऊस.