अनुभव धागा: "तिनेच काहीतरी केलं असेल"

निळीशाई: काल उपवनला फिरत होते. बाजूच्या बाकड्यावर कॉलेजची पोरं. त्यांच्यातल्या कुणीतरी गर्लफ्रेंडच्या कानाखाली वाजवलेली, त्याचा पंचनामा चालू. एक मुलगी म्हणे, "तिने एक्सच्या फोटोला लाइक कशाला करायचं?" दुसरा, "चुकलंच त्याचं, पण तिनेच डोकं फिरवलं ना." हॉस्टेलची रूममेट आठवली. दंडावर चार बोटांचे निळे वळ, आणि वॉर्डनबाईंचा पहिला प्रश्न, "तू काय बोललीस त्याला?" तुमच्या आसपास काय ऐकलंत? लिहा.

घणसोलीची_माऊ: "तीच परत परत जाते त्याच्याकडे" हे राहिलंच की. आणि सोडलं तर? माझ्या बहिणीने ब्रेकअप केल्यावर तो रोज स्टेशनबाहेर उभा. घरचे म्हणतात, नीट समजावून सांगायचं होतंस!! शेवटी पोलिसांत तक्रार दिली तेव्हा थांबला. पाठलाग २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे, आता न्याय संहितेत कलम ७८. कुकर झाला, येते.

साधा_माणूस: मुलगा आहे, लिहिलं तर चालेल?

निळीशाई: लिहा हो.

साधा_माणूस: ती चिडली की ओरबाडायची. मानेवर ओरखडे बघून ऑफिसात "मजा आहे बुवा तुझी". मारते म्हटल्यावर तर अजूनच हसले. मग काय, उन्हाळ्यातही कॉलरचं बटण लावून फिरायचो.

घणसोलीची_माऊ: :(

बेलापूर_लोकल: आमच्या वेळी ही डेटिंगची थेरंच नव्हती.

टपरीवाला_चहा: हो काका, तुमच्या वेळी रीतसर लग्न लावून मारायचे.

मनीप्लांट: =)) मी मानसशास्त्र शिकवते. तोच प्रसंग वर्गात दोनदा सांगून बघा. मुलगा प्यायलेला असला की "शुद्धीत नव्हता बिचारा", मुलगी प्यायलेली असली की "प्यायचीच कशाला". मुलीही असंच बोलतात. तिचं काहीतरी चुकलं असं एकदा ठरवलं, की आपण चुकलो नाही तर आपल्याला कुणी हात लावणार नाही, असं वाटायला बरं. पेपर तपासायचे पडलेत, नंतर सविस्तर लिहिते.

टपरीवाला_चहा: नंतर सविस्तर म्हणजे पुढच्या दिवाळीत.

वकीलीणबाई: २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा लग्नासारखं एका घरात राहणाऱ्यांनाही लागू होतो. नुसतं भेटणं-फिरणं त्यात बसत नाही. म्हणून "काहीच करता येत नाही" असं मुली धरून चालतात. अहो, मारहाण, धमकी हे गुन्हे आहेतच, नातं काहीही असो! ११२ लावा, बायकांसाठी १८१ पण आहे. साधा_माणूस, तुम्हीही तक्रार देऊ शकता. मेसेज, फोटो असतील तर पुसू नका.

साधा_माणूस: फोन तिच्याच हातात असायचा हो. पण धन्यवाद.

बेलापूर_लोकल: टपरीवाले, मी तसा नाही. बायको आत्ता शेजारी बसून वाचतेय.

टपरीवाला_चहा: काकूंना नमस्कार. काका, प्रोफाइलमधला आंबा हापूस का?

बेलापूर_लोकल: हो, एपीएमसीतून पेटी आणली. भाव विचारू नका.