परदेशात शिकताना ‘जरा हळू जगा’ हे कुणाच्या जिवावर?

सांगलीकर
परवा इथं या फोरमवर एकीनं जर्मनीतल्या शिक्षणावर लिहिलं होतं. दोन वर्षांचं मास्टर्स तीन वर्षांत करा, सेमिस्टरला दोनच विषय घ्या, रविवारी नेकार नदीच्या काठावर जाऊन बसा, आयुष्य कुठं पळून जात नाही. खाली दीडशे बदाम. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

माझा धाकटा भाऊ श्टुटगार्टला आहे. व्हिसासाठी ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागले, आजच्या भावानं बारा लाखांच्या घरात. त्या राज्यात आपल्या पोरांना सेमिस्टरला १,५०० युरो फी वेगळी. कर्ज वीस लाख. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, म्हणून वडिलांचं राहतं घर दिलं. व्याज दहा टक्के, आणि पोरगं शिकत असतानाही ते चढतच असतं. एक सेमिस्टर वाढलं की एक लाख. सह्या करताना वडिलांचा हात मधेच थांबला होता. मॅनेजरनं दोनदा बोट ठेवून जागा दाखवली. नदीकाठी बसायचा तो लाख कोण भरणार, एवढंच सांगा.

उत्तरवाट
दादा, ते मीच लिहिलं होतं. बदाम मोजलेत, पण मी का लिहिलं ते वाचलं नाहीत.

सेमिस्टरला ३० क्रेडिट, म्हणजे कागदावरच ९०० तास अभ्यास. त्यावर मी पार्सलच्या गोदामात रात्रपाळी करत होते. एक विषय दोनदा राहिला. तिसऱ्यांदा राहिला की नाव कमी होतं, आणि त्या अभ्यासक्रमाला देशात दुसरीकडंही घेत नाहीत. दुसऱ्या वेळच्या पेपरला मी गोदामातूनच गेले होते. पहाटे पाचला ट्रामच्या थांब्यावर उभी, स्कॅनर दाबून दाबून अंगठा असा आखडलेला की हातमोजा दातांनी ओढून काढला. पेपरवर नाव लिहिलं आणि पुढं काही सुचेना. दीड तास कोऱ्या कागदाकडं बघत बसले.

पुढच्या सेमिस्टरला दोनच विषय घेतले. दोन्ही सुटले. तुमच्या हिशोबानं एक लाख वाचवायला गेले असते, तर सगळंच बुडालं असतं.

पेठेतला
बाकीचं चालू द्या, पण रविवारचं कौतुक बंद करा. माझा तिथला पहिला रविवार. दुकानं बंद असतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. घरात तांदूळ आणि आईनं दिलेलं मेतकूट. दुधासाठी पाऊण तास चालत रेल्वे स्टेशनवर गेलो, तिथंच काय ते उघडं. पुण्यात आम्ही दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवलं की अख्खा महाराष्ट्र नावं ठेवतो. जर्मनानं अख्खा दिवस बंद ठेवला की ती संस्कृती!

कलम१४०
कारण तो कामगाराचा हक्क आहे. जर्मनीच्या १९१९च्या वायमार राज्यघटनेतलं १३९वं कलम, रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखलेला. १९४९च्या घटनेनं १४०व्या कलमातून ते जसंच्या तसं घेतलं. तिथं दुकानातली पोरगीसुद्धा घरी असते. तुमच्याकडं १ ते ४ मालक झोपतो आणि पोऱ्या शटरच्या आत माल लावतो.

पेठेतला
आमच्या दुकानाची पायरी कधी चढलात का? पोऱ्या म्हणे! आमच्याकडं कामाला आहेत ते काका माझ्या जन्माआधीपासून आहेत. दुपारी आमच्याच ओट्यापाशी जेवतात आणि पोटमाळ्यावर पंख्याखाली झोपतात. दुकान पहाटे साडेपाचला उघडतं. आधी त्या वेळेला उठून दाखवा.

म्हापशेकार
गोव्यालाही हेच ऐकावं लागतं. ‘सुशेगाद’ म्हटलं की लोकांना आळस वाटतो. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत. आमची मावशी शुक्रवारच्या बाजाराला पहाटे चारला लाल भाजीच्या जुड्या बांधायची, म्हणून ती दुपारी पडायची. दुपारी विसावलेला माणूस दिसतो, त्याची पहाट कुणी बघत नाही.

कलम१४०
काकांचं ऐकून बरं वाटलं. तुमच्या दुकानापुरतं मान्य. शेजारच्या दहा दुकानांचं मान्य नाही.

तिशीपार
दुपारची झोप झाली असेल तर मूळ विषयावर या. मी चाकणची नोकरी सोडून अठ्ठाविसाव्या वर्षी गेलो. तीस पूर्ण झाली की विद्यार्थ्यांच्या दरातला आरोग्य विमा संपतो, हे मला पत्र आल्यावर कळलं. राहणं वाढवायचं तर परत तेवढे पैसे दाखवा. हळू जाणं बाविशीतल्या पोरांना परवडतं. सांगलीकरांचं बरोबर आहे.

सांगलीकर
हेच म्हणतोय मी. ताई, तुमच्या घरी हप्त्याची काळजी नसेल, म्हणून तुम्हाला हे सुचतं.

उत्तरवाट
न विचारता बोलू नका. माझ्या आईच्या पाटल्या गहाण होत्या. व्हिडिओ कॉलवर ती डावा हात पदराखाली ठेवायची, मला दिसू नये म्हणून. मला दिसायचं. पहिल्या वर्षी दर रविवारी तिकडून एकच प्रश्न यायचा, पेपर कधी, रिझल्ट कधी. मी दोनदा नापास झाले हे घरी आठ महिने सांगितलं नव्हतं. तुमच्या भावाला शेवटचं कधी विचारलंत, रात्री किती झोपतोस म्हणून?

पेठेतला
पाटल्यांचं वाचून गलबललं. मघाचा माझा सूर चढला होता, तो मागे घेतो. १ ते ४ मागे घेत नाही.

सांगलीकर
दोन दिवस लिहिलं नाही. पाटल्यांचं मला माहीत नव्हतं, तसं बोलायला नको होतं.

काल भावाला फोन केला. रिझल्टचं विचारलं नाही, काय जेवलास एवढंच विचारलं. एरवी तीन मिनिटांत ठेवतो, काल चाळीस मिनिटं बोलला. आठवड्यातून चार रात्री कामाला जातो म्हणाला. आम्हाला दोनच सांगितल्या होत्या. एक विषय पुढच्या सेमिस्टरला ढकलू का, असं त्यानंच चाचरत विचारलं. ढकल म्हणालो. एकच. तीन वर्षांचं मला अजूनही पटलेलं नाही, आणि व्याजाचा हिशोब मी मांडला तोच आहे.

उत्तरवाट
रात्रपाळ्या आधी कमी करायला सांगा, विषयाचं नंतर बघा.

सांगलीकर
सांगतो. वडिलांना अजून यातलं काही बोललेलो नाही.